सत्तरीत एक भाऊ वावरात, दुसरा खाटेवर: हे रक्तातच असतं का?

तुमचे वडील आणि काका दोघंही सत्तरीचे. आई गेल्यापासून वडील घराबाहेर पडत नाहीत, आता तर खाटेवरच असतात. काका मात्र अजून वावरात जातात. घराणं एकच, मग असं का, हा तुमचा प्रश्न. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अकरा वर्षांपासून आशा सेविका आहे. म्हाताऱ्या माणसांकडे रोजच जाणं होतं, म्हणून लिहिते.

रक्ताचा वाटा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला होता. माणूस किती जगेल यात अनुवंशाचा वाटा त्यात साधारण पावच निघाला.

आमच्या गावातल्या एका आजीचं सांगते. जन्मभर निंदण केलं, कापूस वेचला. आजोबा वारले, मुलगा पुण्याला कंपनीत. एकदा दुपारी गेले तर चुलीवर चहाचं पातेलं आणि टोपल्यात सकाळची अर्धी भाकर, बस्स. "आजी, वरण नाही केलं?" तर म्हणाल्या, "मी एकली. मले किती लागते माय?"

आजोबा होते तोवर त्या घरी रोज तुरीचं वरण शिजायचं. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, साठीनंतर भराभर. त्यात म्हातारं शरीर तेवढ्याच वरणातून पूर्वीइतका स्नायू बांधू शकत नाही. म्हणून या वयात प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम (किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). आपण मात्र "वय झालं, हलकं खावं" म्हणत नेमकं तेच ताटातून काढतो. मला याचं फार वाईट वाटतं.

मांडीतलं बळ गेलं तशी आजींना उकिडवं बसून उठता येईना. संडासला जायची धास्ती, म्हणून पाणी पिणंही कमी केलं. डोळ्यांत मोतीबिंदू होताच. आजी दाराबाहेर निघेनाशा झाल्या, आणि जो चालत नाही त्याचे स्नायू आणखी लवकर जातात.

मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. शेजारची सून आता दुपारचं ताट घेऊन त्यांच्याकडेच जेवायला बसते. सोबत कुणी असलं की आजी वरण करतात, कधी अंडंही उकडतात. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला काठी टेकत जातात. तेवढंच चालणंही होतं, चार माणसंही भेटतात.

तुमचे काका धडधाकट आहेत म्हणून वावरात जातात हे खरंच, पण वावरात जातात म्हणूनही धडधाकट आहेत. वडिलांची आधी साखर, बीपी, हिमोग्लोबिन तपासून घ्या, डोळेही दाखवा. मग हात न टेकवता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला सांगा. कुणीतरी जवळ उभं राहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा उठताच आलं नाही, तर पायांतलं बळ कमी झालंय असं समजा. रोज थोडं थोडं उठणं-बसणं वाढवा. आणि दोन्ही वेळा त्यांच्यासोबत कोण जेवतं ते मला नक्की कळवा. काकांनाच ताट घेऊन ओट्यावर बोलावता येईल का, बघा. चालायला लागले की बहिणीच्या गावाला पाठवा, पासष्टीनंतर एसटीला अर्धंच तिकीट लागतं.