डिझेल पंपाचे कपलिंग बदलल्यावर गाडी ओढत नाही : आधी टायमिंग तपासा, पंप नंतर उतरवा

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे. २००६ सालच्या सहा सिलिंडरच्या ट्रकचे पंपाचे कपलिंग (इंजिन आणि डिझेल पंप यांचे शाफ्ट जोडणारा सांधा) चालत्या गाडीत तुटले. नागपूरजवळच्या वाडीला नवे कपलिंग बसवून घेतले. तेव्हापासून गाडी सुरू होते, पण सकाळी पांढरा धूर सोडते आणि माल भरून सिवनीच्या वाटेवरच्या कुरईच्या घाटात चढताना दम टाकते. आता मिस्त्री अख्खा पंप टेस्ट बेंचवर (सुटा पंप फिरवून तपासायच्या यंत्रावर) पाठवायला सांगत आहेत. माझे मत असे, की पंप इतक्यात उतरवू नका. कपलिंग तुटण्याच्या आदल्या खेपेपर्यंत जो पंप सहाही सिलिंडरला नीट डिझेल देत होता, तो नेमका कपलिंग बदलण्याच्या दिवशीच आतून बिघडला असेल, असे क्वचितच घडते. बिघडला असावा तो पंप आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य शाफ्ट) यांचा मेळ, म्हणजेच टायमिंग : डिझेल नेमके कोणत्या क्षणी पडते ते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डिसेंबरातल्या पहाटे जुन्या इंजिनाने थोडा पांढरा धूर सोडला तर मी त्याकडे लक्ष देणार नाही. पण मे महिन्यात, नागपुरात सकाळीच पारा तिशीला टेकलेला असताना तो धूर निघतो, तेव्हा थंडीची सबब चालत नाही. रेडिएटरचे पाणी कमी होत नसेल आणि धुराला कच्च्या डिझेलचा, डोळ्यांना झोंबणारा वास असेल, तर डिझेल उशिरा पडते आहे असे समजून चालायला हरकत नाही. डिझेल लवकर पडत असते तर इंजिन कडक, ठोकल्यासारखे वाजले असते. पंप क्रँकचा एक पूर्ण फेरा चुकून बसला असता तर गाडी बहुधा सुरूच झाली नसती. म्हणजे तुमची चूक थोड्याच अंशांची आहे.

थोडे अंश म्हणजे किती, हे समजून घ्या. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा पंपाच्या शाफ्टचा एक फेरा होतो, त्यामुळे कपलिंगवर झालेली एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. कपलिंगच्या लांबट भोकांत बोल्ट दोनेक मिलिमीटर इकडचे तिकडे झाले, की क्रँकच्या हिशेबाने पाच-सहा अंश गेले. नव्या गाड्यांत कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट यांचे सेन्सर ही स्थिती क्षणोक्षणी कळवत असतात. तुमच्या गाडीत ती सांगायला त्या बोल्टांखेरीज दुसरे कोणी नाही.

टायमिंगला हात घालण्यापूर्वी जुने कपलिंग का तुटले ते शोधा, नाहीतर नवेही त्याच वाटेने जाईल. जुन्या कपलिंगमधल्या पातळ पोलादी पत्र्या फेकल्या नसतील तर त्यांच्या भोकांभोवती पाहा. तिथे लालसर, कुंकवासारखी भुकटी बसलेली असेल तर बोल्ट ढिले राहून पत्र्या एकमेकींवर घासत होत्या. भोकापासून कडेकडे तडे गेले असतील तर दोन्ही शाफ्ट एका रेषेत नव्हते आणि पत्री प्रत्येक फेऱ्याला वाकत होती. माझ्या अनुभवात दुसरे कारण जास्त वेळा सापडते, आणि त्याचे मूळ पंपाच्या ब्रॅकेटच्या ढिल्या बोल्टांत किंवा ब्रॅकेटखालून हरवलेल्या पॅकिंगमध्ये असते.

रेषा तपासण्यासाठी पंपाचे ब्रॅकेटचे बोल्ट आवळलेले ठेवा आणि कपलिंग सुटे करा. मग दोन्ही फ्लँजवर (कपलिंगच्या समोरासमोरच्या चकत्यांवर) सरळ पट्टी वर, खाली आणि दोन्ही बाजूंना टेकवा आणि मधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने) चारही ठिकाणी मोजा. फरक आढळला तर ब्रॅकेटखाली पॅकिंगची पत्री घालून तो काढा. कपलिंग लवचीक असते, ते सांभाळून घेईल, या भरवशावर राहू नका. कपलिंग पुन्हा जोडताना फ्लँजचे बोल्ट आधी आणि शाफ्टवरचा क्लॅम्प बोल्ट सर्वांत शेवटी आवळावा, म्हणजे कपलिंग आपली जागा स्वतः घेते आणि पत्र्या सपाट राहतात. बाजूने पाहिल्यावर पत्र्यांचा गठ्ठा किंचितही फुगलेला किंवा ओढलेला दिसला तर क्लॅम्प सोडून पुन्हा बसवा.

आता टायमिंग. बॅटरीची तार काढा आणि इंजिन पुलीच्या नटावर पाना लावून हातानेच फिरवा, सेल्फ मारू नका. टॅपेट कव्हर उघडून सहाव्या सिलिंडरचे, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर पाहा. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ असल्यामुळे सहाव्याचा एक व्हॉल्व्ह बंद होत आणि दुसरा उघडत असतो, तेव्हा पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला (टीडीसीला, म्हणजे पिस्टन सर्वांत वर) असतो. तिथून पाव फेऱ्याहून थोडे मागे जा आणि इंजिनाच्या चालत्या दिशेने हळूहळू पुढे येत फ्लायव्हीलच्या खिडकीत ठरलेला अंश आणा. खूण ओलांडली तर तेवढेच मागे सरकवू नका. पुन्हा पाव फेरा मागे जाऊन पुढे या, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा तुमच्या मापात शिरतो. तो ठरलेला अंश इंजिनावरच्या माहितीच्या पट्टीवर किंवा त्या मॉडेलच्या पुस्तकात पाहून घ्या, मिस्त्रींच्या आठवणीवरून घेऊ नका. मी स्वतः एकदा फ्लायव्हीलवरच्या पंचाच्या खुणेवर विश्वास ठेवला होता. ती खूण आधीच्या कुणीतरी दुसऱ्या पंपासाठी मारलेली निघाली, आणि तीन दिवस मी नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारे) काढत-घालत बसलो.

पंपाच्या बॉडीवरची आणि कपलिंगवरची रेघ जुळली की काम झाले, असे पुष्कळजण मानतात. पंप कधीच उघडला गेला नसेल तर ती रेघ बरोबर असते. पण वीस वर्षांच्या पंपाबद्दल अशी हमी कोणी द्यावी? म्हणून डिझेल तोडून पाहा, म्हणजे पंपातून वाहणारी धार नेमकी कोणत्या अंशाला थांबते ते पाहा. पंपावरची पहिल्या सिलिंडरची नळी आणि तिच्याखालच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर काढा, आतली स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा, होल्डर परत लावून त्यावर स्वॅन नेक पाइप (हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी) बसवा. स्टॉप लिव्हर मोकळा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला ठेवून, उंचावर टांगलेल्या डब्यातून पंपाला डिझेल द्या. वाकड्या नळीतून आधी धार लागेल. इंजिन चालत्या दिशेने अगदी सावकाश फिरवत राहा. धार बारीक होते, मग थेंब पडू लागतात, आणि एका क्षणी शेवटचा थेंब नळीच्या टोकाला लोंबतो पण सुटत नाही. प्लंजरने (पंपातल्या दट्ट्याने) पोर्ट (डिझेल आत येण्याचे भोक) बंद केले ते इथे. फ्लायव्हीलवर त्या वेळी कोणता अंश आहे तो वाचा. तो ठरलेल्या अंशापेक्षा टीडीसीच्या जास्त जवळ असेल तर डिझेल उशिरा पडते आहे. कपलिंगचे बोल्ट ढिले करून पंपाचा शाफ्ट त्याच्या फिरण्याच्याच दिशेने किंचित पुढे न्या, आवळा, आणि सगळे माप पुन्हा घ्या. एका प्रयत्नात जुळले तर मला आश्चर्य वाटेल; मला साधारण तीन वेळा करावे लागते.

हे काम उघड्यावर करणार असाल तर सकाळी लवकर, जमिनीवर पाणी शिंपडून करा, कारण वाडीच्या रस्त्यावरची धूळ व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसली तर आज जो पंप निर्दोष आहे तो खरोखरच बेंचवर न्यावा लागेल. पुसायला कॉटन वेस्ट नको, धागा न सुटणारे कापड घ्या. व्हॉल्व्ह परत बसवताना वॉशर नवे घाला आणि होल्डर टॉर्क पान्यानेच आवळा.

शेवटी हँड पंप मारून एअर काढा. गाडी चालू झाल्यावर नळ्यांची गळती बोटाने चाचपू नका, तो फवारा कातडीत घुसतो. पुठ्ठा धरून पाहा. गाडी खवासाच्या पुढे त्याच कुरईच्या घाटात माल घेऊन चढवा, आणि दोन खेपांनी कपलिंगचे व ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा तपासा. माप बरोबर असूनही थंड इंजिन पांढरा धूर सोडतच राहिले, तर आधी सहाही नोझल तपासून घ्या. ते ठीक निघाले, तर मिस्त्री म्हणतात तसा पंप बेंचवर पाठवा. तेव्हा त्यांचे म्हणणे बरोबर ठरेल.