बायबलमध्ये शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने अर्धा शेकेल (शेकेल म्हणजे चांदी मोजायचं वजन) का द्यायचा होता?

तो कर नव्हता, जिवाचा खंड होता, म्हणजे जीव वाचावा म्हणून दिलेला मोबदला. बायबलच्या निर्गम या पुस्तकात (३०:११-१६) कारण स्पष्ट दिलंय: मोजणीमुळे लोकांवर मरी (रोगाची जीवघेणी साथ) येऊ नये. माणसं देवाची, म्हणून ती मोजणं धोक्याचं, असा त्यामागचा भाव मला दिसतो. दावीद राजाने शिरगणती केल्यावर मरी आल्याची कथा (२ शमुवेल २४) त्याला जुळते. वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने सारखंच द्यायचं, श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. मला हीच अट सर्वांत मोलाची वाटते, कारण जिवाची किंमत इथे एकच आहे. निर्गम ३८ नुसार ६,०३,५५० जणांच्या याच चांदीतून पवित्रस्थानाच्या (उपासनेच्या तंबूच्या) बैठका, म्हणजे खालचे आधार, ओतल्या गेल्या. मात्र हे दरवर्षी द्यावं असं निर्गममध्ये म्हटलेलं नाही. यरुशलेमच्या मंदिराचा वार्षिक अर्धा शेकेल ही नंतरची प्रथा.