गोळी घेतली, न्याहारी टाळली: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

न्याहारी आणि रक्तातली साखर यांविषयीची पत्रं उघडली, की तेच चार-पाच गैरसमज पुन्हा समोर येतात. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेते आहे.

रात्री झोपताना साखर १२८ होती. मध्ये काहीच खाल्लं नाही, तरी सकाळी १४६. यंत्र बिघडलंय का?

बहुधा नाही. पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन अशी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठ्यातलं ग्लुकोज रक्तात सोडतं. निरोगी स्वादुपिंड त्याला पुरेल एवढं इन्सुलिन लगेच देतं. मधुमेहात ते जमत नाही आणि आकडा चढतो. शिवाय घरच्या यंत्रात प्रयोगशाळेच्या तुलनेत साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. फळ चिरल्यावर हात न धुता बोट टोचलंत, तर त्या फळाची साखरही मोजली जाते. आठवडाभर रात्रीचे आणि सकाळचे आकडे लिहून काढा आणि वही डॉक्टरांना दाखवा. औषधाची मात्रा मनाने वाढवू नका.

उपाशीपोटीच्या तपासणीआधी बिनसाखरेचा चहा चालेल?

नाही. किमान आठ तास फक्त पाणी.

साखर न घालता घरी काढलेला फळांचा रस न्याहारीला घेतला तर?

फळ चावून खा. पेलाभर, म्हणजे २५० मिलिलीटर संत्र्याच्या रसात वरून काही न घालताही साधारण २० ग्रॅम साखर असते, आणि तिला रोखणारा चोथा तुम्ही गाळून टाकलेला असतो.

'साखर घातलेली नाही' असं छापलेलं तयार धान्याचं पाकीट आणलं. खाल्ल्यावर दोन तासांनी साखर २१० कशी?

पाकिटाची पुढची बाजू विकण्यासाठी असते. मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. पहिल्या तीन-चारांत माल्टोडेक्स्ट्रिन असेल, तर उत्तर तिथेच सापडलं. ते फारसं गोड लागत नाही, पण रक्तातली साखर जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने वाढवतं. दुसरी गोष्ट दाण्याची. ओट्स जितके बारीक केलेले आणि आधीच शिजवलेले, तितके ते झटपट पचतात. म्हणून दोन मिनिटांत तयार होणारे ओट्स आणि अख्ख्या दाण्याचे ओट्स यांना एकच समजू नका. सोबत अंडं, डाळ किंवा दही घेतलंत, तर जठर हळू रिकामं होतं आणि साखरेचा चढ सौम्य राहतो. मधुमेहाचं निदान झालेलं नसताना २१० दिसलं असेल, तर पाकीट बदलून थांबू नका. याच आठवड्यात प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या.

सोळा तास उपास केल्याने मधुमेह जातो, असा संदेश आला. तेव्हापासून माझे पती सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी घेतात, पण दुपारपर्यंत खात नाहीत. अकराच्या सुमारास हात थरथरतात, दरदरून घाम येतो, चिडचिड होते. शरीर शुद्ध होत असल्याची ही खूण आहे, असं ते म्हणतात. खरं का?

नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं साखर खाली गेल्याची आहेत. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आलं की नाही, हे तिला कळत नाही. इन्सुलिन आलं आणि न्याहारी आली नाही, तर साखर ७० च्या खाली घसरते. ५४ च्या खाली मेंदूचं काम बिघडू लागतं. त्या अवस्थेत माणूस गाडी चालवत असू शकतो, जिना उतरत असू शकतो.

आज काय करायचं ते सांगते. लक्षणं दिसताच शक्य असेल तर साखर मोजा, पण यंत्र शोधण्यात वेळ घालवू नका. चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल, तर तेवढीच साखर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर जेवण द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने रुग्णालयात न्या. या गोळीचा असर बराच वेळ टिकतो, त्यामुळे सावरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते.

मला जास्त भीती वाटते ती पुढच्या टप्प्याची. असं वारंवार घडलं, की थरथर आणि घाम ही सूचनाच बोथट होते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल, तर थरथर आणि धडधड मुळातच झाकली जाते. मग पहिलं लक्षण थेट बेशुद्धीचं असू शकतं.

उपासाने काहींचं वजन उतरतं आणि साखर सुधारते, हे मी नाकारत नाही. पण औषधांची फेरआखणी आधी, उपास नंतर. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्यांवर दीर्घ उपास केला, तर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. संदेश पाठवणाऱ्याला तुमच्या पतींची औषधं माहीत नाहीत. उद्या सकाळची गोळी घेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. पुढच्या भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका.

न्याहारीआधी दालचिनीचं पाणी घेतलं तर गोळी बंद करता येईल?

नाही.

माझ्या चौदा वर्षांच्या मुलीचं पहिल्या तासाला लक्ष लागत नाही. ग्लुकोज पावडरने मेंदू तल्लख होतो का?

मेंदूला ग्लुकोज लागतं, प्रौढांमध्ये दिवसाला साधारण १२० ग्रॅम. पण निरोगी शरीरात यकृत रात्रभर त्याचा पुरवठा चालू ठेवतं. पावडरने साखर झपकन चढते, इन्सुलिन तिच्यामागे धावतं आणि काही मुलांना तासा-दोन तासांत आणखी मरगळ येते. प्रथिनं आणि चोथा असलेलं साधं खाणं द्या. ती झोपते किती, हेही बघा. या वयात आठ ते दहा तास झोप हवी. झोप पुरेशी असूनही थकवा असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन तपासा.

सहा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. साखर आटोक्यात आहे, तरी सकाळी गळून जायला होतं, तळपायांना मुंग्या येतात. न्याहारीत काय वाढवू?

तूर्त काहीच नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यातून हीच लक्षणं दिसतात. मुंग्या मधुमेहामुळेही येतात, त्यामुळे अंदाजाने जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणू नका. आधी बी-१२ मोजा, डॉक्टरांकडून पावलांची संवेदना तपासून घ्या. तोवर मेटफॉर्मिन बंद करू नका.