मृत्यू घोषित करताना

पहिल्यांदा ही वेळ येते तेव्हा हात थरथरतो. थरथरू दे, घाई मात्र करू नकोस. मनगटाच्या नाडीवर विसंबू नकोस. मानेतली नाडी बघ, स्टेथोस्कोपने ठोके आणि श्वास ऐक, घड्याळ लावून सलग 5 मिनिटं. ती फार लांब वाटतात. मध्ये एखादा जरी श्वास आला, तर पुन्हा पहिल्यापासून. मग टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या, कापसाने कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, भुवईच्या हाडावर दाब; कशालाच प्रतिसाद नाही ना, हे बघ. रुग्ण गारठलेला असेल किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्याचा संशय असेल, तर वरिष्ठांना बोलावच. गारठलेली माणसं मेल्यासारखी दिसूनही वाचलेली आहेत. नोंदीत तपासणी पूर्ण झाल्याची वेळ लिही. आणि चादर नीट करूनच नातेवाइकांना आत घे.