लेबर रूमला नवीन लागलीस ना, मग सुपरव्हिजन टाळू नको

अगं, इन्चार्ज सिस्टर राउंडला येऊन चुका काढतात तसं हे क्लिनिकल सुपरव्हिजन नसतं, घाबरू नको. महिन्यातून तासभर अनुभवी सिस्टरसोबत बसून आपल्याच एखाद्या केसवर बोलायचं. ब्रिटनच्या समुपदेशन-प्रशिक्षक ब्रिजिड प्रॉक्टर यांनी 1980 च्या दशकात याचे तीन भाग सांगितले, कामाचा दर्जा, शिकणं आणि मनाला आधार, आपल्याकडे नेमका तिसराच राहून जातो.

सुरुवातीला एवढंच कर:
- एकच प्रसंग घे. पीपीएचच्या (बाळंतपणानंतर खूप रक्त जाण्याच्या) वेळी हात थरथरले, तर तेही सांग.
- पेशंटचं नाव घेऊ नको.
- नाइट संपवून लगेच बसू नको, डोकं चालत नाही.

मी पहिल्यांदा नुसतं "सगळं ठीक आहे" म्हणून उठले आणि मग ठाण्याहून लोकल पकडली ती ऐरोली येईपर्यंत रडत होते, तू तसं करू नको गं. फॉर्मॅट, मॉडेल वगैरे नंतर बघू.