सोलापूर: गाडीतल्या १०० वॅट आरएमएस (सलग देता येणारी ताकद), ४ ओहमच्या ॲम्पचा गेन किती ठेवू? आवाज वाढवला की फाटतो.

गेन म्हणजे स्टिरिओकडून आलेला सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू, तो अंदाजाने फिरवू नका. मल्टिमीटर लावा आणि ॲम्पच्या आउटपुटला २० व्होल्ट दिसले की तिथेच थांबा. हिशेब साधा आहे: १०० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे ४००, त्याचं वर्गमूळ २०. स्पीकरचा आरएमएस कमी असेल तर त्याचे वॅट धरा. आधी स्पीकरच्या वायरी काढा, बास बूस्ट, लाउडनेस, इक्वलायझर शून्यावर आणा, गेन पूर्ण खाली घ्या. इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर न्या, शून्य डेसिबलचा (म्हणजे पूर्ण ताकदीचा) १ किलोहर्ट्झचा टोन लावा (सबवूफरला ५० हर्ट्झचा), मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि स्क्रू अगदी सावकाश फिरवा. गेन जास्त झाला की सिग्नलची लाट वरखाली कापली जाते. तुम्हाला ऐकू येतो तो फाटका आवाज बहुधा हाच, आणि यानेच स्पीकरची कॉइल जळते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर, त्यात सीटखालचा ॲम्प आधीच तापलेला. मी तर १८ व्होल्टवरच थांबा म्हणेन, आवाजातला फरक जेमतेम कळतो. मात्र स्टिरिओ स्वतःच त्या आवाजाला फाटत असेल तर मीटरवर ते कळत नाही, त्यासाठी सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो.