वाचकांचे प्रश्न : डोक्याला मार लागल्यावर मैदानात कधी परतावे?

प्रश्न : माझा १४ वर्षांचा मुलगा शाळेच्या संघातून क्रिकेट खेळतो. आठवड्यापूर्वी सरावात उसळता चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला. तो बेशुद्ध पडला नाही, उलट पुढे अर्धा तास खेळला. रात्री डोके दुखू लागले आणि मळमळले. सीटी स्कॅन नॉर्मल आहे, पण अजूनही वाचायला बसला की त्याचे डोके जड होते. प्रशिक्षक शनिवारच्या सामन्याला पाठवा म्हणतात. पाठवावे का? (एक पालक, सांगली)

उत्तर : पाठवू नका. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचा तडा दिसतो. कन्कशनमध्ये मात्र मेंदू कवटीच्या आत झटक्याने हलल्यामुळे पेशींचे कामकाज काही काळ बिघडते आणि तो बिघाड स्कॅनमध्ये उमटत नाही, म्हणून निदान लक्षणांवरूनच करावे लागते. बहुतेक खेळाडू अशा वेळी बेशुद्ध होत नाहीत. हेल्मेट कवटी वाचवते, आतला हादरा पूर्णपणे टाळू शकत नाही.

लक्षणे उशिरा येणेही नवे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला, तेव्हा तो ८० धावांवर होता. तपासणीनंतर तो पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ वर बाद झाला; दुसऱ्या दिवशी मात्र लक्षणे दिसू लागल्याने त्याला सामना सोडावा लागला आणि मार्नस लबुशेन हा कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू (म्हणजे कन्कशनमुळे बाहेर गेलेल्याच्या जागी खेळणारा) ठरला. पुढच्या कसोटीलाही स्मिथ मुकला.

पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित, पण विशेषतः लहान वयात, मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. म्हणून आधी अभ्यास त्रासाविना झाला पाहिजे. मग हलके धावणे, त्यानंतर डोक्याला धोका नसलेला सराव आणि डॉक्टरांच्या परवानगीनंतरच पूर्ण सराव व सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यावा आणि त्रास वाढल्यास एक पायरी मागे यावे. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवण्याची मात्र गरज नाही. पहिल्या एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर थोडे चालणे चांगलेच. चार आठवड्यांनंतरही त्रास राहिला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : कबड्डीत पकड करताना खेळाडूंची डोकी आपटतात. मैदानावर डॉक्टर नसतो आणि खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणतो. काय करावे? (एक प्रशिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : त्याचे ऐकू नका, हादरलेल्या मेंदूनेच दिलेला तो निर्वाळा असतो. आपण कोणत्या मैदानावर आहोत, शेवटचा गुण कोणी घेतला, मागचा सामना कोणाशी होता, असे विचारा. उत्तर चुकले, तोल गेला किंवा नजर शून्य वाटली, तर त्याला बाहेर काढा आणि त्या दिवशी परत उतरवू नका. उत्तरे बरोबर आली तरी शंका असल्यास हाच नियम. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या क्रिकेट सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी आलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले, तेव्हा बदली खेळाडू समतुल्य, म्हणजे दुबेसारख्याच प्रकारचा खेळाडू, होता का यावर वाद पेटला. मला दुबे बाहेर बसला हे अधिक मोलाचे वाटते. कबड्डीत राखीव खेळाडू असतातच, त्यामुळे ‘बदली खेळाडू नाही’ ही सबबही उरत नाही.

वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, मानेत वेदना, हातापायांत अशक्तपणा किंवा गुंगी दिसल्यास खेळाडूची मान न हलवता तातडीने १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला, पण ही लक्षणे नाहीत, अशा खेळाडूंनाही त्या दिवशी एकटे घरी पाठवू नका.